हौशाचा सोबती

सटवाजीनं खुरप्यानं शेवटची माती ओढली, पायानं दाबली आणि शेजारचे दोन दगड उचलून वर ठेवले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मग धोतराला हात पुसत त्यानं गल्लीच्या तोंडाकडं बघितलं. लिंबाखाली टांगा उभा होता. हौशा अजून जुंपलेलाच होता आणि डोळ्यांवरच्या झापडांमुळं त्याला मागचं काही दिसत नव्हतं.

"बरं झालं," सटवाजी स्वतःशीच म्हणाला.

दुपारच्या भाकरीला म्हणून तो घरी आला होता. चांगुणा घागर घेऊन टँकरच्या रांगेला गेलेली. तबेल्यात पाय ठेवताच पत्र्याखालची धग तोंडावर आली, आणि गव्हाणीपाशी, हौशाचे पुढचे पाय असायचे त्याच जागी, त्याला ससा आडवा पडलेला दिसला. मान ताणलेली, डोळा उघडा. सकाळी हौशाला बाहेर काढताना हाच ससा त्याच्या मागं दारापर्यंत उड्या मारत आला होता. सटवाजीनं पाठीवर हात ठेवला. अंग ऊन लागत होतं, पण ती ऊब त्याच्या जिवाची की पत्र्याची, हे कळायला मार्ग नव्हता. त्यानं जरा वेळ वाट पाहिली. पोट हललं नाही.

मग त्यानं घाई केली. घरातून मूठभर मीठ आणलं, मागच्या भिंतीला लागून खड्डा घेतला आणि ससा पुरला. गव्हाणीखालची जागा झाडली, नवा कडबा पसरला आणि मगच लिंबाखाली जाऊन हौशाला सोडून आणलं.

हौशा आत आला आणि थांबला. एरवी तो सरळ गव्हाणीकडं जायचा. आता त्यानं मान खाली घातली, कडब्यावरून नाक फिरवलं, जोरात फुंकर मारली. पाचोळा उडाला. मग तो कोपऱ्यात गेला, तिथं हुंगलं. पाण्याच्या बादलीमागं हुंगलं. दाराकडं वळून कान पुढं केले आणि तसाच उभा राहिला.

"खा की रं," सटवाजी म्हणाला आणि भाकरीला बसला.

चांगुणा आली तेव्हा त्याचं जेवण व्हायचं होतं. घागर उतरवण्याआधीच तिनं तबेल्यात डोकावलं.

"कापशा कुठाय?"

"गेला. उन्हानं गेला. म्या आलो तवा पडलेला व्हता."

तिनं घागर हळूच खाली ठेवली. चुंबळ डोक्यावरच राहिली.

"कुठं हाय?"

"पुरला मागं. मीठ घालून पुरला."

"आन् हौशानं बगितलं का?"

"न्हाई. त्यो लिंबाखाली व्हता. मेलेलं बगून बुजतंय जनावर. बरंच झालं."

तिनं चुंबळ काढली, पदरानं मान पुसली आणि मागच्या भिंतीकडं जाऊन त्या दोन दगडांपाशी थोडा वेळ उभी राहिली.

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. कचेऱ्या उघडल्या होत्या, गावोगावचे साहेबलोक भाड्याच्या खोल्यांतून राहायला आले होते. त्यांतल्याच एका साहेबांची लेक सटवाजीच्या टांग्यातून शाळेला जायची. दिवाळीनंतर साहेबांची बदली झाली, तेव्हा सामान स्टेशनवर पोचवल्यावर त्या पोरीनं मांडीवरची टोपली सटवाजीच्या हातात दिली. आत पांढरा ससा होता. "याला हौशाजवळ ठेवा, काका," एवढंच म्हणून ती गाडीत चढली होती.

सटवाजीनं हसून टोपली घरी आणली. त्याच्या गावाकडं ससा दिसला की लोक काठ्या घेऊन धावत; कुणी ससा पाळल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. घोड्याजवळ ठेवायचा तर विचारच नव्हता, एक पाय पडला की संपलं. त्यानं टोपली पालथी घालून वर वीट ठेवली. सकाळी बघतो तर वीट बाजूला, टोपली बाजूला, आणि हौशा पुढचे दोन पाय फाकवून उभा. त्या पायांच्या मधे ससा पोट टेकून निवांत झोपला होता. हौशानं रात्रभर पाय हलवला नसावा. सटवाजीला बघूनही त्यानं तो हलवला नाही, नुसता एक कान वळवला.

तेव्हापासून ते तसंच चाललं. हौशा चंदीतले हरभरे तोंडातून सांडू लागला. याचे दात गेले, म्हातारा झाला, अशी सटवाजीनं हाय खाल्ली. पण स्टँडवर चंदी खाताना एक दाणा खाली पडत नसे. तो घरीच सांडायचा, आणि कापशा खाली बसून टिपायचा. लेक उमरीला दिल्यापासून घरात नवरा-बायको दोघंच. संध्याकाळी दोघं उंबऱ्यावर बसून ते बघत राहायची. यंदा पावसानं पाठ फिरवलेली, लसूणघास डोळ्यांना दिसत नव्हता, तरी कोपऱ्यावरच्या दुकानातली दानम्मा कोथिंबिरीचे देठ जपून ठेवायची. "कापशासाठी हं, तुमच्या घोड्यासाठी न्हाई," असं बजावून द्यायची. त्यातले अर्धे हौशाच्या तोंडात जायचे, ते तिलाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी हौशानं चंदीला तोंड लावलं नाही. बादलीतलं पाणीही जसंच्या तसं राहिलं.

सकाळी सटवाजी तबेल्यात गेला आणि दारातच थबकला. सगळा कडबा उधळलेला होता. गव्हाणीची फळी एका बाजूनं चावलेली. हौशा मधोमध उभा होता, मान खाली, पुढचे दोन पाय फाकवलेले. पायांच्या मधे काही नव्हतं. झाडलेली, कोरडी जमीन. पण ती जागा त्यानं सोडून ठेवली होती.

सटवाजीनं चांगुणाला हाक मारली नाही. तीच मागं येऊन उभी राहिली होती.

"रातभर असाच हाय," ती म्हणाली. "म्या दोनदा उठून बगितलं."

त्यानं मोहरकी धरून ओढली. हौशा हलला नाही. हा घोडा त्याच्यावर कधी अडला नव्हता. भर बाजारात, मोटारींच्या भोंग्यांत, लग्नाच्या बँडसमोर अडला नव्हता. सटवाजीनं मोहरकी सोडून दिली आणि जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता धरला.

डॉक्टर तरुण होते. चालतच आले. त्यांनी हौशाचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"ताप नाही. जखम नाही. पण पोटाचा आवाज मंद झालाय, आणि अंगातलं पाणी कमी होतंय. काही नवीन घडलं का इथं?"

सटवाजीनं सशाचं सांगितलं. सांगताना त्याची मान आपोआप खाली गेली. एवढ्याशा गोष्टीसाठी शिकलेल्या माणसाला बोलावलं असं त्याला वाटलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हौशाच्या पायांमधल्या त्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

"घोड्याला सोबत लागते, एवढं मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण हे... हे मी पहिल्यांदाच बघतोय." मग बॅग बंद करत म्हणाले, "काहीही करा, आज संध्याकाळपर्यंत तो पाणी प्यायला पाहिजे. आतडं अडलं तर या उन्हात माझ्या हातात फार काही राहणार नाही."

गुळाचं पाणी झालं. ओला फडका ओठांना लावून झाला. दुपारी दानम्मा कपाळावरच्या विभूतीवर आलेला घाम टिपत टोपली घेऊन आली. तिच्या भावाच्या घरी ससे होते, त्यांतला एक ती मागून घेऊन आली होती. पांढराच, तेवढाच.

"दुसरा दिला की इसरतंय बगा जनावर," ती म्हणाली.

ससा हौशासमोर ठेवला. हौशानं मान खाली केली. तिघंही पुढं वाकली. हौशानं त्या सशाला कानापासून शेपटीपर्यंत हुंगलं, सावकाश, काही राहून जाऊ नये तसं. मग मान वर केली आणि त्याच्यावरून पलीकडं, दाराकडं बघू लागला. ना फुरफुरला, ना पाय आपटला. ससा कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला.

दानम्मानं त्याला उचलून पुन्हा टोपलीत घातलं. टोपली धरून ती उंबऱ्यावर टेकली.

"अजून वाट बगून राहिलाय की," ती म्हणाली. "आमच्यात माणूस गेलं की बसवून ठेवतात. येणारा जाणारा तोंड बगून जातो. ह्येला कुणी दावलं न्हाई ना?"

चांगुणा उठली. कोनाड्यातलं खुरपं तिनं घेतलं.

"कामून घेतलंस ते?" सटवाजीनं विचारलं.

"काढते त्याला."

"येडी हाईस का? कालपासून मातीत हाय. पुरलेलं उकरत न्हाईत, चांगुणे. आन् लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या."

"त्येला काय समजणाराय? जनावर हाय ते."

चांगुणा दारात थांबली. पाठमोरीच बोलली.

"बाहत्तरला माझी माय गेली तवा मी निलंग्याकडं खडी फोडून राहिले व्हते. निरोप आला, मी रात्रभर चालले. पोचले तर उरकलं व्हतं. ऊन व्हतं, थांबता आलं न्हाई, म्हणले. त्यांचं बी खरं व्हतं. पर मी गेले तवा माती वाळली व्हती."

"ठावं हाय मला. उशिरा पोचलीस."

"तेवढंच ठावं हाय तुमाला." ती वळली. "बाजारात हिरव्या लुगड्याची पाठमोरी बाई दिसली की अजून बी पुढं जाऊन तोंड बगते मी तिचं. माय मेली हे मला कळतंय. पर बगते."

सटवाजीला ते बाजार आठवले. बाजारात चालता चालता ही एकाएकी पुढं सुटायची. गर्दीत आपल्याला मागं टाकते, म्हणून तो चिडायचा. कितीदा तरी चिडला होता. आपल्याला घाई असते असं सांगून तीही हसायची.

त्यानं उठून तिच्या हातातलं खुरपं घेतलं.

"तू पोतं आण," तो म्हणाला.

दगड बाजूला केले. माती सैलच होती. मिठानं ओल धरली होती आणि वास होता, पण फार नव्हता. सटवाजीनं दोन्ही हातांनी ससा वर काढला. काल दुपारी होता त्यापेक्षा तो लहान आणि जड वाटला. चांगुणानं पोत्यावर ठेवून पदराच्या शेवानं त्याच्या अंगावरची माती झाडली. एक कान दुमडून राहिला होता, तो सरळ केला.

दानम्मा बाहेर उभी होती. तिच्याशेजारी टँकरकडून परतणाऱ्या बायका थांबल्या, त्यांना बघून समोरचा नालबंद नरसिंग आला. काय चाललंय हे एकीनं विचारलं. दानम्मानं तोंडावर बोट ठेवलं.

चांगुणानं पोतं उचललं, आत नेलं आणि हौशाच्या पुढच्या पायांमधे, त्या सोडलेल्या जागेत ठेवलं. मग ती मागं सरकत सटवाजीपाशी आली.

हौशाच्या नाकपुड्या रुंदावल्या. मान एकदम खाली आली. त्यानं आधी कान हुंगले, मग पाठ. मग वरचा ओठ सशाच्या पोटाखाली घातला आणि हलकेच ढकलला. रोज सकाळी तो त्याला असाच उठवायचा, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. ससा ताठच्या ताठ कलंडला. हौशानं दचकून मान वर घेतली. थांबला. पुन्हा खाली आला, पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा त्यानं ढकललं नाही. नाक सशाच्या कुशीवर टेकवलं आणि एक लांब श्वास सोडला. त्या श्वासानं पांढरे केस हलले, आणि दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला क्षणभर वाटलं की ससाच हलला.

मग हौशाच्या मानेपासून शेपटीपर्यंत कातडी थरथरत गेली. माशी बसल्यावर थरथरते तशी. माशी नव्हती.

तो उभा राहिला. बायकांच्या डोक्यावर भरल्या घागरी होत्या, पण एकीनंही आपली घागर खाली ठेवली नाही की कुणी घराकडं निघालं नाही. नरसिंगनं आयुष्यभर घोड्यांचे पाय मांडीवर घेतले होते. त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला, आपण का काढला हे त्यालाही कळलं नसावं. वासानं एक कुत्रं दारापर्यंत आलं. हौशानं कान मागं पाडले आणि मागचा पाय एकदाच आपटला. कुत्रं पळालं. पुढचे पाय मात्र त्यानं तसूभर हलवले नाहीत.

ऊन पत्र्यावरून उतरलं, भिंतीवर आलं, तांबडं झालं. सटवाजी वर्षानुवर्षं या जनावराच्या पाठीमागं बसला होता. त्याच्या पाठीचा प्रत्येक केस त्याच्या ओळखीचा होता. आणि आज तो त्याच्याकडं असा बघत होता, जसा पहिल्यांदा नदीला आलेला पूर बघावा. एवढं मोठं अंग. आणि त्यात एवढ्याशा जिवासाठी एवढी जागा.

केव्हातरी हौशानं मान उचलली. एक पाऊल मागं घेतलं. आणखी एक घेतलं. पाय अगदी जपून उचलला, ससा खुराला लागू नये म्हणून. पोतं आता त्याच्यासमोर, मोकळ्या जमिनीवर राहिलं. मग त्यानं फाकवलेले पुढचे दोन्ही पाय सावकाश एकमेकांजवळ घेतले आणि चार पायांवर सरळ उभा राहिला.

"शिव शिव," दानम्मा पुटपुटली.

हौशा बादलीकडं वळला. त्याच्या घशातून पाणी उतरत असल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कुणी जागचं हललं नाही. बादली रिकामी झाली, तेव्हा सगळ्यांत पुढं उभ्या असलेल्या बाईनं न विचारता आपली घागर तिच्यात ओतली. त्या वर्षी कुणी कुणाला पाणी देत नव्हतं.

ससा पुन्हा त्याच जागी पुरला. यावेळी हौशाला बाहेर आणून तिथं उभं केलं होतं. माती पडताना तो बघत होता. माती बसल्यावर त्यानं भिंतीकडेचं वाळकं गवत तोडलं आणि चावू लागला.

आठवडाभरात हौशाचं अंग भरून आलं. घरी तो चंदी खायचा, पण सांडत नव्हता. पाय जवळ ठेवून झोपायचा. सटवाजी स्टँडवर जाऊ लागला, भाडी करू लागला. घरी मात्र तो कमी बोलायचा. चांगुणा भाकरी थापत असली की तिच्याकडं बघत राहायचा, आणि तिनं मान वर केली की नजर चुकवायचा.

एका पहाटे चांगुणा अंगण झाडायला उठली, तर टांगा जुंपून दारात उभा. मागच्या बैठकीवर घोंगडी पसरलेली. चाकाशेजारी पाण्याचा मोठा डबा बांधलेला.

"एवढ्या सकाळी कुणाचं भाडं?"

"भाडं न्हाई. चल."

"कुठं?"

"तुझ्या गावाला."

चांगुणा हातातल्या केरसुणीसकट उभी राहिली. "तिथं कोण हाय आता? भाऊ पुण्याला गेला, घर पडलं."

सटवाजी पट्टा ओढून बघत होता. तो नीटच होता.

"कोण नसंना," तो म्हणाला. "जागा तर आसल."

तिनं केरसुणी भिंतीला लावली. आत गेली, तोंड धुतलं, लुगडं बदललं, फडक्यात भाकरी बांधली आणि कडी लावून येऊन बसली. औसा मागं पडलं. हौशाच्या टापा तेवढ्या वाजत होत्या.

गावाच्या अलीकडं ओढ्याच्या काठी तो माळ होता. ओढा कोरडा. चांगुणानं टांगा थांबवायला सांगितलं आणि उतरली. काही अंतर चालत गेली, थांबली, डावीकडं वळली, पुन्हा थांबली.

"एक बाभळ व्हती हितं," ती म्हणाली. "तोडली जनू जळणाला."

माळ सगळीकडं सारखाच दिसत होता. तापलेला, भेगाळलेला. ना दगड, ना खूण. ती चार पावलं पुढं गेली, दोन मागं आली. मग तिनं जागा शोधणं सोडून दिलं. होती तिथंच खाली बसली आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवले.

सटवाजीनं आभाळाकडं बघितलं. सूर्य चांगला वर आला होता. आत्ता निघालं तरच ऊन चढायच्या आत औसा गाठता येणार होतं.

त्यानं पट्टे सोडले, टांग्याचे दांडे जमिनीला टेकवले आणि हौशाला मोकळं केलं.